औषधाची वेळ आणि घरची दिनचर्या

(लोधीखेडा परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रोगाचे निदान बरोबर झाले, औषध योग्य मिळाले, त्याची मात्राही योग्य ठरली, आणि तरीही रोग्यास अपेक्षित गुण आला नाही, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी दोष औषधाला दिला जातो, डॉक्टरांना दिला जातो, क्वचित नशिबालाही दिला जातो. परंतु ते औषध दिवसाच्या कोणत्या वेळी, कशाबरोबर आणि किती नियमाने घेतले गेले, याची चौकशी सहसा होत नाही. औषधाची वेळ हा उपचाराचाच एक भाग आहे. ती ठरविताना एक गोष्ट औषधाच्या स्वभावाकडे पाहून ठरते आणि दुसरी रोग्याच्या दिनचर्येकडे पाहून. या दोहोंचा मेळ बसला, तरच औषध रोज पोटात जाते. आणि रोज पोटात गेलेले औषधच गुण देते.

हा विचार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात औषध घेण्याचे दहा काल सांगितले आहेत. उपाशीपोटी, जेवणापूर्वी, जेवणाच्या मध्यास, जेवणानंतर, अन्नात मिसळून, घासाबरोबर, दोन घासांच्या दरम्यान, पुन्हा पुन्हा, असे ते भेद आहेत. औषधे बदलली, रोगांची नावे बदलली. परंतु औषधाचे अन्नाशी व काळाशी नाते असते, ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे.

चिठ्ठीवरील खुणा

लोधीखेडा, सौंसर आणि पांढुर्णा हा कापसाचा आणि संत्र्याच्या बागांचा प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत नागपूर हीच या राज्याची राजधानी होती. राजधानी भोपाळला गेली, तरी औषधोपचारासाठी नागपूरला जाण्याची वहिवाट मोडली नाही. २०२३ साली सौंसर व पांढुर्णा हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. तरीही एकाच रोग्याच्या पिशवीत शासकीय दवाखान्याचा एक कागद आणि नागपूरच्या डॉक्टरांचा दुसरा कागद, हे दृश्य या भागात नवलाचे नाही. घरात बोलणे मराठीत, शाळेत व कचेरीत हिंदी, आणि चिठ्ठी इंग्रजीत. तीन भाषांतून जाता जाता सूचनेचा अर्थ कोठेतरी सांडतो.

म्हणून चिठ्ठीवरील काही खुणा प्रत्येक घरात माहीत असाव्यात. १-०-१ असे लिहिले असेल, तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, असा त्याचा अर्थ. ०-०-१ म्हणजे फक्त रात्री. ‘ओ.डी.’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बी.डी.’ म्हणजे दोनदा, ‘टी.डी.एस.’ म्हणजे तीनदा. ‘ए.सी.’ म्हणजे जेवणापूर्वी आणि ‘पी.सी.’ म्हणजे जेवणानंतर. ‘एच.एस.’ म्हणजे निजण्याच्या वेळी आणि ‘एस.ओ.एस.’ म्हणजे गरज पडली तरच. औषधविक्रेत्याकडून गोळ्या हाती घेताना प्रत्येक पाकिटावर घरच्या भाषेत वेळ लिहून मागावी. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी सकाळच्या पाकिटावर सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चंद्रकोर काढली, तरी काम भागते.

दोन ठिकाणची औषधे चालू असतील, तर दोन्ही कागद एकाच डॉक्टरांना दाखविणे अगत्याचे आहे. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी विकले जाते. सकाळी एका नावाने आणि रात्री दुसऱ्या नावाने तेच औषध घेतले जाऊन मात्रा दुप्पट होण्याचा धोका त्यामुळे संभवतो.

‘सकाळ’ म्हणजे कोणती?

चिठ्ठीत ‘सकाळी जेवणानंतर’ असे लिहिलेले असते. लिहिणाऱ्याच्या मनात आठ-नऊचा सुमार असतो. परंतु कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर स्त्री पहाटे उठते, स्वयंपाक करते, दुधाचा चहा घेते आणि शिदोरी बांधून शेताची वाट धरते. तिचे पहिले जेवण शेताच्या बांधावर, ऊन वर आल्यानंतर होते. गोळ्या मात्र घरी फळीवर राहिलेल्या असतात. संध्याकाळी घरी आल्यावर ती सकाळची गोळी रात्रीच्या गोळीबरोबर घेते, किंवा ती तशीच राहून जाते. हा हलगर्जीपणा नव्हे. दिलेली वेळ तिच्या दिवसात बसत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. रक्तदाब किंवा अंगावरील सूज यांसाठी या गोळ्या देतात. रात्री वारंवार उठावे लागू नये, म्हणून त्या सकाळी घेण्यास सांगतात. परंतु दिवसभर उघड्या शेतात काम करणाऱ्या किंवा मोटारगाडीने नागपूरला निघालेल्या स्त्रीला तीच सकाळची वेळ संकटाची ठरते. ती लाजेने बोलत नाही आणि गोळी टाळते. तिने ही अडचण आशा कार्यकर्तीला किंवा परिचारिकेला मोकळेपणाने सांगितली, तर डॉक्टर पुष्कळदा दुपारी घरी परतल्यानंतरची वेळ देऊ शकतात. गोळी सोडण्यापेक्षा वेळ बदलून घेणे केव्हाही शहाणपणाचे.

शरीराचे घड्याळ

दिवसाची वेळ आणि शरीर यांचा संबंध शास्त्राने सखोल अभ्यासिला आहे. फ्रान्झ हॅलबर्ग या शास्त्रज्ञाने १९५९ साली शरीरातील सुमारे चोवीस तासांच्या या आवर्तनाला ‘सर्केडियन’ असे नाव दिले. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तदाब झोपेत उतरतो आणि पहाटेनंतर चढू लागतो. कॉर्टिसोल हा अंतःस्राव सकाळी सर्वाधिक असतो. दम्याचा त्रास रात्री व पहाटे बळावतो. यकृत कोलेस्टेरॉल रात्री अधिक प्रमाणात तयार करते.

या ज्ञानाचा उपयोग काही औषधांच्या बाबतीत प्रत्यक्ष होतो. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधे बहुधा सकाळी, खाल्ल्यानंतर देतात. कारण तीच वेळ शरीराच्या स्वतःच्या स्रावाशी जुळते आणि झोपही बिघडत नाही. कोलेस्टेरॉल उतरविणारी सिम्व्हास्टॅटिन ही अल्पकाळ टिकणारी गोळी रात्री देतात. अटोर्व्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन या गोळ्यांचा प्रभाव मात्र दीर्घकाळ टिकतो, म्हणून त्या कोणत्याही एका ठरावीक वेळी चालतात.

रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी बराच वाद झाला. स्पेनमधील एका अभ्यासाने २०१९ साली असे प्रतिपादन केले, की या गोळ्या रात्री निजताना घेतल्यास अधिक लाभ होतो. त्यानंतर ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांवर झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काहींनी गोळ्या सकाळी घेतल्या, काहींनी सायंकाळी. सुमारे पाच वर्षांच्या पाहणीनंतर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. सामान्य माणसाने यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी की रात्री, यापेक्षा ती रोज घेतली जाते की नाही, हा प्रश्न मोठा आहे. ज्या वेळी ती विसरली जाणार नाही, तीच तिची उत्तम वेळ. अपवाद लघवी वाढविणाऱ्या गोळीचा, आणि डॉक्टरांनी विशेष कारणाने दिलेल्या सूचनेचा.

नियमितपणाचे महत्त्व क्षयरोगाच्या उपचारातून भारतातच स्पष्ट झाले. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने १९५९ साली दाखवून दिले, की घरी राहून औषध घेणारे रोगीही आरोग्यधामात राहणाऱ्यांइतकेच बरे होऊ शकतात. अट एवढीच, की औषध न चुकता घेतले पाहिजे. औषध कोणाच्या तरी देखरेखीखाली देण्याची पद्धत पुढे याच अनुभवातून वाढली. राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीन दिवस मिळणारी औषधे २०१७ पासून दररोज देण्याचे धोरण स्वीकारले गेले. यांतील रिफाम्पिसिन हे औषध उपाशीपोटी अधिक चांगले शोषले जाते. परंतु मळमळ होऊन रोगी औषधच सोडू लागला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हलक्या आहाराबरोबर ते घेणे इष्ट. औषध मध्येच सोडल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

ज्यांची वेळ जेवणाशी बांधलेली आहे

काही औषधांच्या बाबतीत वेळेची सवलत नसते. त्यांतील मधुमेहाची औषधे प्रथम लक्षात ठेवावीत. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि जेवणापूर्वीचे इन्सुलिन यांनी रक्तातील साखर उतरते, मग पाठोपाठ अन्न पोटात जावो वा न जावो. गोळी घरी घेतली आणि जेवण बांधावर तीन तासांनी झाले, तर मधल्या वेळेत घाम फुटणे, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे उद्भवतात. विहिरीच्या काठावर किंवा संत्र्याच्या झाडावर शिडी लावून काम करणाऱ्या माणसाला अशी घेरी येणे प्राणावर बेतू शकते. म्हणून ही गोळी जेवणाच्या ताटाबरोबर असावी; जेवण शिदोरीत असेल तर गोळीही शिदोरीत असावी. लक्षणे दिसताच तीन-चार चमचे साखर किंवा तितकाच गूळ खाण्यास द्यावा. रोगी बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. मेटफॉर्मिन ही गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घेतल्यास पोटाचा त्रास कमी होतो.

एकादशी, हरतालिका, नवरात्र किंवा रमजान यांचे उपवास करणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी उपवासाच्या आधीच डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा व मात्रा ठरवून घ्याव्यात. उपवासाच्या दिवशी नेहमीची गोळी घेणेही धोक्याचे आणि सर्व गोळ्या मनाने बंद करणेही धोक्याचे.

थायरॉइडची गोळी याच्या उलट स्वभावाची आहे. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. आपल्या घरांत दिवसाचा आरंभ दुधाच्या चहाने होतो. आणि चहाबरोबर घेतलेली ही गोळी पुरती शोषली जात नाही. दंतमंजनाच्या डबीशेजारी ही गोळी ठेवली आणि ती घेतल्यावर सडा-सारवण, झाडलोट उरकून मग चहा घेतला, तर मधले अंतर सहज साधते. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी डॉक्टरांच्या संमतीने रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी ती घ्यावी.

आम्लपित्तासाठी दिली जाणारी ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधे जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावीत. ॲस्पिरिन व अंगदुखीच्या बहुतेक गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात; उपाशीपोटी त्या जठराला इजा करतात. डॉक्सिसायक्लिनची गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. अन्यथा अन्ननलिकेत जखम होण्याची भीती असते.

दोन औषधांतील अंतर

गरोदर स्त्रियांना शासनाकडून लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. दोन्ही आवश्यक; परंतु दोन्ही एकत्र घेतल्यास कॅल्शियम लोहाला आड येते. म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या जेवणाबरोबर आणि लोहाची गोळी त्यापासून किमान दोन तास दूर घ्यावी. चहामुळेही लोहाचे शोषण घटते. उलट संत्रे किंवा लिंबू यांतील ‘क’ जीवनसत्त्व लोहाला साह्य करते. आणि संत्र्याच्या या प्रदेशात त्याची उणीव पडू नये. मळमळ होत असल्यास लोहाची गोळी रात्री निजण्यापूर्वी घेऊन पाहावी. शौचास काळसर होणे हा या गोळीचा स्वाभाविक परिणाम आहे. घाबरून ती बंद करू नये. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात तर चार तासांचे अंतर हवे.

अपस्मार म्हणजे फिट्सच्या रोगात दोन मात्रांमधील अंतर हाच उपचाराचा प्राण आहे. दोन वेळची गोळी सुमारे बारा-बारा तासांनी घ्यावी लागते. लग्नघरातील किंवा यात्रेतील जागरणात झोपही मोडते आणि गोळीही चुकते. अशा वेळी झटका येण्याचा संभव वाढतो. प्रवासाला निघताना कपड्यांच्या आधी गोळ्या पिशवीत गेल्या पाहिजेत.

चुकलेली मात्रा

कितीही काळजी घेतली, तरी एखादे दिवशी विसर पडतो. सर्वसाधारण नियम असा, की लवकर आठवल्यास चुकलेली गोळी लगेच घ्यावी; पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असल्यास ती सोडून द्यावी आणि पुढची मात्रा नेहमीप्रमाणे घ्यावी. दोन मात्रा एकदम घेऊ नयेत. इन्सुलिन, क्षयरोग, अपस्मार व रक्त पातळ करणारी औषधे यांच्याविषयी मात्र डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

तपासणीच्या दिवशीचा एक गैरसमज दूर होणे जरूर आहे. ‘खरा रक्तदाब कळावा’ म्हणून काही जण त्या दिवशी गोळी घेत नाहीत. त्यामुळे आकडा वाढलेला दिसतो आणि विनाकारण मात्रा वाढविली जाते. रक्तदाबाची गोळी तपासणीच्या दिवशीही घ्यावी. रक्त उपाशीपोटी द्यावयाचे असेल, तेव्हा मधुमेहाची गोळी मात्र रक्त दिल्यानंतर आणि अन्न समोर आल्यावरच घ्यावी.

शाळा आणि शासनयंत्रणा

शिक्षकांचा या कामी मोठा वाटा आहे. शाळेत आठवड्यातून एकदा दिली जाणारी लोहाची गोळी मध्यान्ह भोजनानंतरच द्यावयाची असते. उपाशी मुलाला मळमळ झाली, की दुसऱ्या आठवड्यात सारा वर्ग गोळी घेण्यास कचरतो. ज्या मुलाने त्या दिवशी अन्न घेतले नाही, त्याची चौकशी प्रथम व्हावी. जंतनाशक गोळी चावून खाण्यास सांगावे आणि आजारी मुलाला ती त्या दिवशी देऊ नये. वर्गात शिकलेल्या या गोष्टी मुले घरी नेतात. आजीच्या पाकिटावरील १-०-१ चा अर्थ नातवंडानेच तिला सांगावा, याहून चांगले प्रौढशिक्षण कोणते?

दवाखान्यातील कर्मचाऱ्यांनी औषध देताना एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘घरी पहिले जेवण किती वाजता होते?’ आणि रोगी उठण्यापूर्वी त्याच्याच तोंडून वेळा वदवून घ्याव्यात. या दोन गोष्टींना दोन मिनिटे लागतात आणि खर्च काहीच येत नाही. आरोग्य मंदिरात दरमहा रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्यांसाठी येणाऱ्या रोग्याच्या किती गोळ्या शिल्लक राहिल्या, हे पाहिले, तर कोणाची वेळ जुळत नाही तेही कळून येईल.

घरातील माणसांनी करावयाचे काम याहूनही सोपे आहे. प्रत्येक घरात काही कामे कधीच चुकत नाहीत. दात घासणे, गाईची धार काढणे, शिदोरी बांधणे, देवापुढे दिवा लावणे, रात्री अंथरूण घालणे ही ती कामे होत. घड्याळ बंद पडते, परंतु गाईची धार थांबत नाही. औषधाची गोळी यांपैकी एखाद्या कामाशी जोडून द्यावी. थायरॉइडची दंतमंजनाशी, मधुमेहाची ताटाशी, रक्तदाबाची सकाळच्या धारेशी किंवा सांजवातीशी, रात्रीची अंथरुणाशी. गोळ्यांची डबी लहान मुलांच्या हाती लागणार नाही, पण मोठ्यांच्या डोळ्यांसमोर राहील अशा जागी ठेवावी.

औषध देणे हे डॉक्टरांचे काम, ते पोहोचविणे हे शासनाचे काम. परंतु ते योग्य वेळी पोटात जाणे हे घराचे काम आहे. या तिघांनी आपापला वाटा उचलला, तर सीमेवरील या गावांतील कोणाही माणसाला केवळ वेळ न जुळल्यामुळे पक्षाघात, घेरी किंवा क्षयाची पुनरावृत्ती सोसण्याची पाळी येणार नाही.